घरात कुणाला, आणि कितव्या वर्षी?



माझे वडील मुंबईत ५१ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. "नशीब," असं सगळे म्हणाले. गेल्या वर्षी दिमोनात माझ्या धाकट्या भावाला ४८ व्या वर्षी अटॅक आला. तो वाचला. पण त्याच्या खाटेजवळ बसले असताना माझ्या मनात आलं, आता पाळी माझी तर नाही? मी ५६ वर्षांची, अंगाने बारीक, सिगारेट ओढत नाही. हा आजार पुरुषांचा, अशीच माझी समजूत होती.

कुपत खोलिमच्या आमच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात कुणाला झाला, आणि कितव्या वर्षी?" वय महत्त्वाचं असतं. आजोबांना ८० व्या वर्षी अटॅक आला, तर त्याला बहुधा वय हेच कारण. पण आईवडील, सख्खी भावंडं किंवा मुलं यांच्यापैकी पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर आपला धोका वाढलेला धरतात. माझ्या घरात असे दोघे निघाले. शिवाय आपण मूळचे भारतातले. आपल्याकडच्या लोकांना हा आजार कमी वयात गाठतो, बारीक दिसणाऱ्यांनाही. म्हणून वजनाबरोबर कंबरही मोजावी. पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

मग तपासण्या झाल्या: ब्लडप्रेशर, साखर, कोलेस्टेरॉल. माझं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, १६८ निघालं आणि प्रेशर १५०. मला काहीच त्रास होत नव्हता! 'लिपोप्रोटीन ए' नावाची आणखी एक तपासणी असते. त्याचं प्रमाण मुख्यतः जन्मतःच ठरतं, म्हणून ती सहसा आयुष्यात एकदा केली तरी पुरते. एलडीएल १९० च्या वर असेल, तर दोष आनुवंशिक असू शकतो. तसा तो निघाला, तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. अशा वेळी मुलांचीही तपासणी करावी.

मग हे सगळं नशीबच का? नाही. घराण्यातून रक्त येतं, तशा सवयीही येतात. वडिलांची सिगारेट, आमचं नारळाच्या दुधातलं जेवण, तळलेले पदार्थ, चालण्याचा कंटाळा हेही वारशातच आलं. २००४ साली ५२ देशांतल्या लोकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या हार्ट अटॅकच्या धोक्याचा सुमारे नऊ-दशांश भाग तंबाखू, कोलेस्टेरॉल, प्रेशर, डायबिटीस, पोटाचा घेर, ताण, आहार, व्यायाम आणि दारू यांच्याशी जोडलेला आढळला. यातलं बरंचसं आपल्या हातात आहे.

आता मी कोलेस्टेरॉलची आणि प्रेशरची गोळी घेते, रोज अर्धा तास चालते. नारळाचं दूध सणासुदीला ठेवलंय. भावाने सिगारेट सोडली, आणि त्याच्या दोन्ही मुलांनी रक्त तपासून घेतलं.

पुढच्या मलिद्याला घरातले जमाल, तेव्हा वडीलधाऱ्यांना विचारा: कुणाला काय झालं, आणि कितव्या वर्षी? कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. आणि छातीत दडपण, धाप, थंड घाम, जबड्यात किंवा हातात कळ असं काही जाणवलं, तर "गॅस असेल" म्हणून थांबू नका. लगेच १०१ ला फोन करा. बायकांनो, तुम्हीसुद्धा.