परसबागेत राख टाकताना

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. दवाखान्यात नेहमी येणारे एक निवृत्त गृहस्थ एके सकाळी स्कूटरवर अर्धे पोते घेऊन घरी आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, वीज केंद्राची राख आहे. खनिज खतच समजा. एका वाफ्यात टाकून तर पाहा!"

परसबागेचा नाद मलाही आहे. पालक आणि घेवड्याच्या वाफ्यात मी ती चांगली दोन बोटे जाड पसरली. शेजारचा वाफा नेहमीप्रमाणे शेणखतावर ठेवला. तोंडाला रुमाल बांधायचे मात्र सुचले नाही. रात्री खोकल्याची ढास लागली, डोळे चुरचुरले. पुढे पालक उगवला, पण घेवड्याच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपल्या. शेणखताचा वाफा हिरवागार होता. एक दिवस सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, हा पालक नातवाच्या वरणात घालू का?" रोज दुसऱ्यांना सल्ला देणाऱ्या माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते. नंतर माहिती घेतली, ती वाचकांपुढे ठेवतो.

ही राख म्हणजे काय?

आपल्या देशी कोळशात दगडमातीचा अंश फार. शंभर किलो कोळसा जळला की साधारण पस्तीस-चाळीस किलो राख उरते. खापरखेडा आणि शेजारचे कोराडी, दोन्हीकडे वीज केंद्रे असल्याने ती आपल्या डोळ्यांसमोर आहे. तिच्यात मुख्यतः सिलिका, ॲल्युमिना आणि लोह असते. नत्र जवळजवळ नसतेच. पालाश थोडे असते, पण ते काचेसारख्या कणांत अडकलेले असल्याने झाडाला सहज मिळत नाही.

आपली आजी चुलीची राख वेलांना घालायची, मग ही का नको, असे अनेक जण विचारतात. चुलीची राख लाकडाची. झाडाने मातीतून घेतलेले पालाश आणि चुनाच तिच्यात परत मिळतो. कोळशाच्या राखेत मात्र बोरॉन, आर्सेनिक, शिसे, क्रोमियम यांचाही अंश असतो. बोरॉन झाडाला लागते, पण चिमूटभर. जास्त झाले की पानांच्या कडा करपतात, आणि घेवडा त्या बाबतीत फार नाजूक.

ही राख अगदीच निरुपयोगी आहे असे नाही. आम्लधर्मी जमिनीत तिचा उपयोग होऊ शकतो. आपली काळी माती मात्र बहुधा आधीच अल्कधर्मी असते. केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेतही राखेचा शेतीतला वापर माती परीक्षण करून, नियंत्रित प्रमाणात करावा असेच आहे. अर्ध्या पोत्याचा अंदाजपंचे प्रयोग त्यात बसत नाही.

शरीराला काय होते?

पहिला त्रास धुळीचा. यातले पुष्कळ कण इतके बारीक असतात की ते नाकात न अडकता थेट फुप्फुसात उतरतात. एकदा राख पसरल्याने कोणाला सिलिकोसिस होत नाही, पण दमेकऱ्यांचा दमा नक्की उसळतो. दुसरी गोष्ट भाजीची. पानावरची धूळ धुऊन जाते. मुळांनी आत घेतलेला धातू मात्र धुऊन जात नाही आणि शिजवून नष्टही होत नाही. पालक, मेथी, सांबार अशा पालेभाज्यांत तो फळभाज्यांपेक्षा अधिक उतरतो. तिसरी गोष्ट लहान मुलांची. ती मातीत खेळतात आणि तेच हात तोंडात घालतात.

मग करावे काय?

१) घरच्या भाजीला कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत पुरेसे आहे. चुलीची राखही मूठभरच घालावी.

२) राख आधीच टाकली असेल तर घाबरू नये. त्या वाफ्यात यंदा झेंडू, शेवंती लावावी. पालेभाज्या, मुळा, गाजर घेऊ नये.

३) मातीची तपासणी करून घ्यावी. मृदा आरोग्य पत्रिकेच्या बारा बाबींत सामू आणि बोरॉन असतात. आर्सेनिक, शिसे त्यात नसते, ते वेगळे तपासावे लागते. म्हणून पत्रिका चांगली आली तरी भाजी निर्धोक ठरली, असे समजू नये.

४) राख हाताळावीच लागली तर आधी पाणी शिंपडावे, नाकातोंडाला फडके बांधावे. डोळ्यात गेल्यास चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावे.

५) खोकला दोन आठवड्यांवर गेला तर तो राखेच्या माथी मारून बसू नये. थुंकी तपासून घ्यावी.

तो पालक आम्ही खाल्ला नाही. त्या वाफ्यात यंदा झेंडू आहे. राख आणणारे गृहस्थ दसऱ्याला आले होते, तोरणासाठी तीच फुले घेऊन गेले.