खाली डेहराडून, माडीवर मसुरी

आमच्या अण्णांना प्रवासाची हौस अशी कधी नव्हतीच. पेन्शनीत निघाल्यापासून त्यांची धाव फार तर आळंदीपर्यंत. तेव्हा गेल्या वर्षी कोजागिरीच्या रात्री दुधाचा पेला खाली ठेवून ते म्हणाले, "अरे, एकदा डेहराडूनला जाऊन यावं म्हणतो," तेव्हा सगळे घर एकमेकांकडे बघत राहिले. वय वर्षे ८४, गुडघे कुरकुरणारे. पण १९६२ साली 'सर्व्हे ऑफ इंडिया'च्या कचेरीत अण्णा नकाशांच्या कामावर रुजू झाले ते डेहराडूनला. आणि लग्न होऊन आईने पहिले बिऱ्हाड थाटले तेही तिथेच. आई जाऊन आता दोन वर्षे झाली. अण्णांनी कारण सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. भाऊबीज आटोपली आणि मी, सौ. व अण्णा असे तिघे निघालो.

डेहराडून म्हणजे आगगाडीचे शेवटचे स्टेशन. १९०० साली रूळ इथवर आले आणि थांबले; पुढे हिमालयाची पहिली भिंतच उभी आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० फुटांवर आणि समोरच्या डोंगराच्या माथ्यावर मसुरी, साडेसहा हजार फुटांवर. मधले अंतर जेमतेम ३५ किलोमीटर. स्टेशनाबाहेर येताच अण्णांनी काठी वर करून डोंगर दाखवला. "ही दोन गावं नव्हेत रे. एकाच घराची ओटी आणि माडी आहे."

आम्ही एक मोटार भाड्याने घेतली. "खंडाळ्याचा घाट मी डोळे मिटून चालवतो," अशी फुशारकी मी सौ.पाशी मारून ठेवली होती. तिचे फळ पुढे मिळाले.

पहिला दिवस खालच्या मजल्याचा. सहा बाजूंना सहा घड्याळे असलेले घंटाघर अण्णांनी लगेच ओळखले. भोवतालची गर्दी मात्र ओळखेनात. त्यांच्या वेळी इथे टांगे आणि सायकली. २००० साली उत्तराखंड राज्य झाले, राज्यकारभार डेहराडूनहून चालू लागला आणि माणसे, मोटारी, इमारती यांचा लोंढाच आला. घंटाघराला वळसा घालायला आम्हांला वीस मिनिटे लागली. वनसंशोधन संस्थेची १९२९ साली पुरी झालेली भव्य इमारत पाहिली. तिथल्या संग्रहालयात सातशेहून अधिक वर्षे जगलेल्या देवदाराचा आडवा छेद ठेवला आहे. सौ. त्याची वर्तुळे मोजू लागली आणि शिवाजीमहाराजांच्या काळापर्यंत पोचण्याआधीच थकली. पण अण्णांचे लक्ष कशातच नव्हते. अखेर ते म्हणाले, "मला डालनवाल्याला ने. कालव्यावर."

तेव्हा कुठे उलगडा झाला. अण्णा-आईचे बिऱ्हाड डालनवाल्यात, कालव्याच्या काठी दोन खोल्यांत होते. डोंगरातले पाणी पाटांनी खेळवून या गावात आंब्या-लिचीच्या बागा आणि बासमतीची शेते पोसलेली. अण्णा सायकलीवरून हाथीबडकल्याच्या कचेरीत जायचे आणि आई दुपारी कालव्यात पाय सोडून तांदूळ निवडायची. त्रिपुरी पौर्णिमेला तिने त्या पाण्यात एक पणती सोडली होती, ती वळणापर्यंत न विझता गेली. एवढेच अण्णांनी सांगितले.

आम्ही रस्ता शोधून काढला. रस्त्याचे नाव आजही 'ईस्ट कॅनॉल रोड' असेच आहे. पण कालवा कुठेच दिसेना. कोपऱ्यावरच्या फळवाल्याला विचारले, तर त्याने बोट खाली केले. "बाबूजी, आप उसी पर खड़े हैं!" वाहतूक वाढली, रस्ता रुंद करायचा ठरला आणि कालवा झाकून त्यावरून डांबर गेले. अण्णा काठी टेकून क्षणभर वाकले. "काही ऐकू येतंय का रे?" मागून एका मोटारीने कर्णा वाजवला. मी "नाही" म्हटले.

दुसऱ्या दिवशी माडीवर निघालो. राजपूर मागे पडले की चढ लागतो. मोटाररस्ता नव्हता त्या काळी गाड्या राजपूरपर्यंत यायच्या आणि पुढे प्रवासी घोड्यावर, नाहीतर दांडीत बसून वर जायचे. आता नागमोडी रस्ता थेट वर नेतो. प्रत्येक वळणाला साल बदलून ओक दिसू लागतात आणि खालचे डून खोरे पसरत जाते.

एका वळणावर मोटार थांबवून अण्णांनी समोरची कडा दाखवली. झाडी होती, पण मधेमधे पांढरे चट्टे. हा डोंगर चुनखडीचा, तोही उत्तम प्रतीचा. साखर कारखान्यांपासून पोलादाच्या भट्ट्यांपर्यंत सगळ्यांना हवा असलेला. म्हणून कित्येक वर्षे सुरुंग लावून तो फोडला गेला. पण चुनखडीच्या भेगा हीच डोंगराची पाण्याची कोठी असते. पाऊस तीत मुरतो आणि झऱ्यांनी वर्षभर खाली येतो. डोंगर फुटला, तसे झरे आटले आणि दगडगोट्यांचा राडा ओढ्यांत उतरला. १९८३ साली डेहराडूनच्याच एका संस्थेची तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली. १९८५ साली न्यायालयाने पुष्कळ खाणी बंद करवल्या. पर्यावरणासाठी लढल्या गेलेल्या आपल्या देशातल्या पहिल्या मोठ्या खटल्यांपैकी हा एक. त्याआधी १९८२ मध्ये माजी सैनिकांची एक पलटण खास झाडे लावण्यासाठी उभारली गेली होती. या उघड्या उतारांवर आज दिसणाऱ्या हिरवाईत त्या जवानांचाही घाम आहे.

"माडीवर फोडलं की ओटीवर पडतं," अण्णा म्हणाले. "पण ओटीवरच्यांनी आलेलं पाणी झाकून टाकलं, त्याला काय म्हणायचं?" मला उत्तर सुचले नाही.

मसुरीत लायब्ररी बाजार ते कुलडी असा माल रोड अण्णांनी काठीच्या आधाराने निम्मा चालून काढला. पण त्यांचे खरे देवस्थान हाथीपांवला, जॉर्ज एव्हरेस्टचे घर. १८३० ते १८४३ हा भारताचा सर्वेक्षणप्रमुख. त्याच्या नावाचे शिखर सर्वांत उंच, हे १८५२ साली निघाले ते राधानाथ सिकदरांच्या गणितातून. "नाव साहेबाचं, आकडेमोड आमच्या कारकुनाची!" हे सांगताना अण्णांचा आवाज विशीतल्यासारखा झाला.

त्या संध्याकाळी त्रिपुरी पौर्णिमा होती. मसुरीला थंडीच्या सुरुवातीला एक नवल दिसते. सूर्य मावळल्यावर पश्चिमेला खऱ्या क्षितिजाच्या वर आणखी एक क्षितिज उमटते, तांबूस-सोनेरी, पट्टीने ओढल्यासारखे. खालच्या हवेतल्या धुळीच्या आणि धुक्याच्या थरामुळे ते होते. इथले लोक त्याला 'विंटरलाइन' म्हणतात. ती रेघ विरली आणि खाली डेहराडूनचे दिवे लागले. सौ.ने पुण्याहून आणलेली पणती पिशवीतून काढली. तिला हे कधी सुचले होते कोण जाणे. अण्णांनी ती हॉटेलच्या कठड्यावर लावली. "पाण्यात नाही, पण पाण्याच्या उगमाशी तर लागली, सूनबाई," एवढेच बोलले आणि बराच वेळ खाली बघत राहिले.

सकाळी उतरताना माझ्या फुशारकीचे फळ मिळाले. पेट्रोल वाचवावे म्हणून मी गिअर काढून मोटार सोडली आणि सारखा ब्रेक दाबत राहिलो. सातव्या-आठव्या वळणाला जळकट वास आला, ब्रेक मऊ लागू लागला आणि सौ.ने डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. कशीबशी कडेला थांबलो. चहाच्या टपरीवाल्याने वास घेऊनच रोग ओळखला आणि अर्धा तास चाके निवू द्यायला लावली. अण्णा शांतपणे चहा पीत म्हणाले, "ज्या गिअरात चढलास, त्याच गिअरात उतर. आणि चढणाऱ्याला आधी वाट दे. घाटाचा कायदा आहे तो."

पुढे मी दुसऱ्या गिअरात हळूहळू उतरलो, वर येणाऱ्या प्रत्येक मोटारीसाठी थांबत. स्टेशनला जाताना अण्णांनी पुन्हा डालनवाल्यावरून न्यायला सांगितले. या वेळी ते उतरले नाहीत. फक्त काच खाली केली आणि त्या डांबरी रस्त्याकडे पाहत, वळण येईपर्यंत डोके बाहेर काढून बसले.