लिनक्सशी दोस्ती – भाग ७
आयकॉन आला, म्हणजे ॲप ऑफलाइन झालं का?

मागच्या आठवड्यात आपण वेबसाइट 'इन्स्टॉल' करून तिचा आयकॉन मेनूत आणला. आयकॉन दिसला की वाटतं, ॲप आपल्या मशीनवर आलं. आता नेट गेलं तरी चिंता नाही. हा समज नेमका नेट गेल्यावरच खोटा ठरतो, म्हणून तो आजच दूर करू.

क्रोमियम ब्राउझरमध्ये इन्स्टॉल केल्यावर तुमच्या होम फोल्डरमध्ये डॉट डेस्कटॉप प्रकारची एक छोटी फाइल तयार होते. मेनूतलं नाव, चित्र आणि उघडण्याची आज्ञा एवढंच तिच्यात असतं. लिनक्स मिंटच्या २०.१ आवृत्तीपासून मिळणारं 'वेब ॲप्स' हे साधनही असाच आयकॉन बनवतं. नेटशिवाय चालण्याची ताकद या फाइलीत नसते.

ती असते सर्व्हिस वर्करमध्ये. सर्व्हिस वर्कर म्हणजे साइट बनवणाऱ्याने लिहिलेली जावास्क्रिप्ट. पहिल्या भेटीत ब्राउझर तिची नोंद करतो आणि पुढे पानाने मागितलेली प्रत्येक गोष्ट तिच्या हातून जाते. नेट असेल तर ती सर्व्हरकडून आणते, नसेल तर आधी साठवलेली प्रत पुढे करते. एवढा अधिकार भलत्याच्या हाती पडू नये, म्हणून साइट एचटीटीपीएसवर असावी लागते.

इथवर यायला वेळ लागला. २००७मध्ये साइट ऑफलाइन चालवण्यासाठी गूगल गिअर्स आलं, पण ते वेगळं बसवावं लागे. मग एचटीएमएल ५ सोबत ॲपकॅश आलं. त्यात साठवायच्या फाइलींची यादी द्यायची असे. पण साइट बदलली तरी वाचकाला जुनंच पान दिसत राही. सर्व्हिस वर्करने काय साठवायचं आणि कधी बदलायचं, हा निर्णय साइट लिहिणाऱ्याच्या हाती दिला. सर्व्हिस वर्कर क्रोममध्ये २०१५ साली आणि फायरफॉक्समध्ये २०१६ साली आला. फायरफॉक्सने ८४व्या आवृत्तीत ॲपकॅश काढूनच टाकलं.

लिनक्सवाल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. फायरफॉक्सने साइट वेगळ्या खिडकीत चालवण्याची सोय २०२५मध्ये आणली ती विंडोजसाठी. आपण अजून वाट पाहतोय. पण सर्व्हिस वर्कर आपल्या फायरफॉक्समध्ये पूर्ण चालतो. म्हणजे आयकॉन नसतानाही ॲप ऑफलाइन चालू शकतं, आणि आयकॉन असूनही बंद पडू शकतं.

करूनच पाहा. फायरफॉक्समध्ये एक्सकॅलिड्रॉ ही चित्रं काढण्याची साइट उघडा आणि पूर्ण लोड होऊ द्या. वाय-फाय बंद करा, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा आणि तोच पत्ता टाका. फळा समोर येईल, रेघाही उमटतील. मग हीच परीक्षा तुमच्या रोजच्या ॲप्सची घ्या. गूगल डॉक्सची ऑफलाइन सोय मात्र फायरफॉक्समध्ये नाही. त्यासाठी क्रोम किंवा एज लागतो.

दोन गोष्टी तपासा. ब्राउझर बंद करताना कुकीज आणि साइट डेटा पुसण्याचा पर्याय चालू असेल, तर साठवलेलं सगळं रोज जातं. खासगी खिडकीतलंही टिकत नाही. डिस्क भरत आली की ब्राउझर बरेच दिवस न उघडलेल्या साइटींचा साठा स्वतःहून काढतो. म्हणून महत्त्वाचं लिखाण फाइल म्हणून वेगळं जतन कराच.

पुढच्या भागात : एफ १२ दाबून हा साठा डोळ्यांनी कसा पाहायचा.