जांभूळ खाल्लेली जीभ आणि लाल वाईन

जून उजाडला की सेलू तालुक्यातल्या देवगाव फाट्यावर एसटीची वाट बघणाऱ्या एखाद्याच्या हातात तरी जांभळांचा पुडा दिसतोच. मीठ लावून चार जांभळं तोंडात टाकली की जीभ जांभळी होते, गाल आतून ओढल्यासारखे होतात आणि तोंडाला मिठी बसते. कॅलिफोर्नियाच्या नेपा व्हॅलीत लाल वाईन चाखायला बसलेले जाणकारही याच दोन गोष्टींकडे लक्ष देतात. रंग देतात ती अँथोसायनिन आणि मिठी बसवतात ती टॅनिन. जांभळात दोन्ही असतात, काळ्या द्राक्षाच्या सालीतही असतात.

आपल्या षड्रसांत तुरट हा एक रस. आजचं शरीरशास्त्र मात्र त्याला मुख्यतः स्पर्शाच्या खात्यात टाकतं. लाळेत प्रोलिनने समृद्ध अशी प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे तोंड बुळबुळीत राहतं. टॅनिन या प्रथिनांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात, वंगण जातं आणि जीभ टाळूला खरखरीत लागते. म्हणून वाईनचा घोट लगेच गिळायचा नाही. तो तोंडभर फिरवायचा आणि ही पकड कुठे बसते ते बघायचं: हिरड्यांवर, गालांत की जिभेच्या मध्यावर. ती कोरडी आणि टोचरी आहे की मखमली, हेही तेव्हाच कळतं. वर्षं जातात तसे टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जातात, काही गाळ होऊन बाटलीच्या तळाशी बसतात आणि पकड सैल पडते.

बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर बिनरंगी असतो. रस सालींसकट आंबवला तरच वाईन लाल होते. कॅबर्ने सोविन्यों या जातीचा मणी लहान आणि साल जाड, त्यामुळे तिच्या वाईनला रंगही गडद आणि पकडही घट्ट.

याच जातीने कॅलिफोर्नियाला नाव मिळवून दिलं. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये वाईनविक्रेते स्टीव्हन स्परियर यांनी फ्रेंच परीक्षकांपुढे लेबल झाकलेल्या बाटल्या ठेवल्या. लाल वाईनमध्ये पहिली आली ती नेपाच्या स्टॅग्ज लीप वाईन सेलर्सची १९७३ सालची कॅबर्ने, फ्रान्समधल्या बोर्दोच्या नामांकित वाईन घराण्यांना मागे टाकून. लेबल झाकल्याने काय होतं, हे त्या दिवशी दिसून आलं. नुसत्या रंगाचा प्रभावही काही कमी नाही. बोर्दो इथल्या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पांढऱ्या वाईनमध्ये वासहीन लाल रंग मिसळला, तर वाईनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. त्या विद्यार्थ्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही. मेंदू वास घेताना डोळ्यांचं ऐकतो, तुमचा आणि माझाही.

यावर उपाय म्हणजे सराव आणि नेमके शब्द. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्राध्यापक अ‍ॅन नोबल यांनी १९८० च्या दशकात वाईनच्या गंधांचं चक्र तयार केलं. ‘छान’, ‘भारदस्त’ असले शब्द तिथे चालत नाहीत. मिरी, लवंग, ढोबळी मिरची अशी प्रत्यक्ष हुंगता येणारी वस्तूच सांगावी लागते. कॅबर्नेत ढोबळी मिरचीचा वास येतो तो पायराझिन गटातल्या रेणूंमुळे, आणि हेच रेणू मिरचीतही असतात. शिराझ या जातीच्या वाईनमधला काळ्या मिरीचा वास रोटुंडोन नावाच्या रेणूचा, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. सुमारे पाचातल्या एकाला तो वास येतच नाही. तेव्हा एकाच पेल्यावरून दोघांत वाद झाला, तर दोघंही खरं बोलत असतील.

कॅलिफोर्नियाचा धागा नाशिकपर्यंत येतो. स्टॅनफर्डला शिकून सिलिकॉन व्हॅलीत नोकरी केलेले राजीव सामंत नाशिकला परतले आणि कॅलिफोर्नियातल्या सोनोमाचे वाईनकार केरी डॅमस्की यांच्या साथीने त्यांनी सुला ही वाईन कंपनी उभी केली. कॅलिफोर्नियाची ओळख बनलेली झिनफँडेल ही जातही सुलाने नाशिकच्या मातीत लावली. गंमत अशी की ती मूळची कॅलिफोर्नियाची नाहीच. डेव्हिसच्या कॅरोल मेरेडिथ आणि क्रोएशियातले संशोधक यांनी २००१ मध्ये डीएनए जुळवून तिचं माहेर क्रोएशियाच्या किनाऱ्यावर शोधलं. कॅलिफोर्नियात वेल हिवाळ्यात झोपतो. नाशिकात तो झोपत नाही, म्हणून बागायतदार एप्रिलच्या सुमारास नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळासाठी गोडी छाटणी करतो. तिथली तोडणी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरात, इथली जानेवारी ते मार्चमध्ये.

लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला मराठवाड्यात जसाच्या तसा घेऊ नये. तो युरोपातल्या थंड दगडी घरांचा, म्हणजे सोळा ते अठरा अंशांचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. तशा उकाड्यात पेल्यातून आधी अल्कोहोलच नाकात घुसतं आणि फळांचा वास त्याखाली दबतो. बाटली अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवावी. व्यावसायिक चाखणारे तर घोट थुंकून टाकतात. वास आणि पकड कळायला गिळावं लागत नाही, आणि मद्याचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

राहता राहिला जेवणाचा प्रश्न. मटणासारख्या पदार्थाबरोबर घट्ट कॅबर्ने जमते, कारण टॅनिनना लाळेऐवजी मांसातली प्रथिनं सापडतात. ठेच्याशी मात्र तिचं जुळत नाही. तोंडातला जो संवेदक मिरचीच्या कॅप्सेसिनने चेततो, तोच एरवी ४२ अंशांच्या आसपासच्या उष्णतेने चेततो. अल्कोहोल ही मर्यादा ३४ अंशांपर्यंत खाली आणतं, म्हणजे शरीराची स्वतःची ऊबसुद्धा चटका देऊ लागते. कॅलिफोर्नियाच्या भरपूर उन्हात द्राक्षात साखर खूप भरते, त्यामुळे तिथल्या पुष्कळ लाल वाईनमध्ये अल्कोहोल चौदा टक्क्यांच्या वर जातं. भाकरी-ठेच्याबरोबर ताकच हवं. त्यातलं केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला जिभेवरून उचलून नेतं.