कपडे ऐच्छिक, होकार आवश्यक!

मे महिन्यातलं नागपूर आठवा. पारा 45 च्या घरात. स्कूटीवरून निघालेल्या मुलीचे फक्त डोळे दिसतात, बाकी सगळा कारभार स्कार्फ, हातमोजे आणि सनकोटच्या आत. पोट्टेही डोक्याला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय बर्डीकडे फिरकत नाहीत. आता अशा शहरातल्या एखाद्या जोडप्यानं सुट्टीसाठी नेमकी कुठली जागा निवडावी? तर जिथं अंगावर कपडे ठेवायचे की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं!

दचकलात? दचका. पण पान उलटू नका. गोवा झालं, थायलंड झालं, बालीचे फोटो तर ऑफिसातल्या प्रत्येकाकडे आहेत. मग लग्नाच्या तिसऱ्या-चौथ्या वाढदिवसाला रात्री उशिरा लॅपटॉपवर ‘अ‍ॅडल्ट्स ओन्ली, क्लोदिंग ऑप्शनल’ असे शब्द दिसतात आणि दोघं एकमेकांकडे बघून हसतात. त्या हसण्यात थोडी गंमत असते आणि बरीचशी धाकधूक. ही गोष्ट त्या धाकधुकीची.

प्रकार दोन, गफलत एक

बुकिंगच्या आधी पहिला फंडा क्लिअर करून घ्या. कपड्यांशिवायच्या जागा सगळ्या सारख्या नसतात.

पहिला प्रकार ‘नेचरिस्ट’ जागांचा. ऊन, वारा, पाणी अंगावर घ्यायचं, बस्स. जर्मनीत या चळवळीला शंभर वर्षांहून जास्त इतिहास आहे. फ्रान्समध्ये माँतालिव्हे इथलं केंद्र 1950 मध्ये सुरू झालं, क्रोएशियातलं कोव्हेरसाडा 1961 मध्ये. इथं आजी-आजोबा, नातवंडं असं अख्खं कुटुंब येतं. वातावरण एखाद्या कॉलनीच्या सहलीसारखं, फक्त गाठोड्यात कपडे कमी. कामुक चाळे केलेत तर सरळ बाहेर!

दुसरा प्रकार ‘अ‍ॅडल्ट्स ओन्ली’ रिसॉर्टचा. जमैकात नेग्रिलला ‘हेडोनिझम टू’ आहे, मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर ‘डिझायर’ आहे. इथं मुलांना प्रवेश नाही आणि मूडही वेगळा. रात्री पार्ट्या, थीम नाइट्स, मोकळं फ्लर्टिंग. काही पाहुणे जोडीदारांच्या अदलाबदलीसाठीही येतात. त्यात तुम्ही सामील व्हायलाच हवं असं मुळीच नाही, पण आजूबाजूला ते असेल हे आधी माहीत हवं. ‘हेडोनिझम टू’मध्ये तर आवाराचे दोन भाग आहेत. एक कपडे घालणाऱ्यांचा, दुसरा न घालणाऱ्यांचा.

म्हणजे एकाला शांत समुद्र हवा आणि दुसऱ्यानं पार्टीचं रिसॉर्ट बुक केलं, की सुट्टीची वाट लागलीच म्हणून समजा.

आपल्याकडे काय?

‘हे सगळं फॉरेनचं फॅड’ म्हणणाऱ्यांसाठी एक धक्का. नग्नतावाद्यांचा जगातला पहिला ज्ञात संघटित क्लब कुठं निघाला असेल? चक्क ठाण्यात! साल 1891. चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड नावाच्या ब्रिटिश न्यायाधीशानं ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’ काढली. सभासद किती? तीन! क्रॉफर्डसाहेबांची बदली रत्नागिरीला झाली आणि क्लब बंद पडला. सरकारी बदलीनं तेव्हाही भल्याभल्यांचे बेत मोडले होते, राजेहो.

मराठीतही हा विषय नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 ते 1953 अशी तब्बल 26 वर्षं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं आणि त्याच्या मुखपृष्ठावर नग्न चित्रं छापली. शरीर म्हणजे अश्लील नव्हे, हे त्यांचं म्हणणं. त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. 1934 मध्ये अश्लीलतेच्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती.

आणि आपल्या नागपूरचं कनेक्शन? मधू सप्रे! 1992 ची मिस इंडिया, जन्म नागपूरचा. 1995 मध्ये बुटांच्या एका जाहिरातीत ती आणि मिलिंद सोमण यांच्या अंगावर होते फक्त बूट आणि एक अजगर. खटला चालला 14 वर्षं. निर्दोष सुटका झाली 2009 मध्ये. एवढ्या काळात जाहिरातीतले बूट केव्हाच दुकानातून गायब झाले होते.

पुढे नोव्हेंबर 2020 मध्ये मिलिंद सोमणनं 55 व्या वाढदिवशी गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचा फोटो टाकला आणि दक्षिण गोव्यात पोलिसांनी गुन्हा नोंदवला. म्हणजे सेलिब्रिटीचीही सुटका नाही.

विचार केला तर गंमत वाटेल. विवस्त्र माणूस आपण पाहिलेलाच नाही असं थोडंच आहे? रामटेकला दिगंबर जैन मुनी येतात तेव्हा अख्खं गाव हात जोडतं. नाशिकच्या कुंभात नागा साधूंच्या स्नानाला लाखोंची गर्दी लोटते. सगळं सोडून दिलेल्या माणसाच्या अंगावर कपडा नाही, हे आपल्याला पटतं. पगारी माणसानं चार दिवस मजेखातर कपडे बाजूला ठेवले, हे मात्र पचत नाही. आपला आक्षेप उघड्या अंगापेक्षा त्यामागच्या हेतूला आहे.

गोव्यात जमेल का?

थेट उत्तर : नाही. साठ-सत्तरच्या दशकात हणजुण, वागातोरच्या किनाऱ्यांवर हिप्पी बिनधास्त उघडे फिरायचे, ही दंतकथा नाही, खरंच आहे. पण तो त्यांचा हक्क नव्हता. गावकऱ्यांनी विरोध केला, मनाईचे बोर्ड लागले.

आज कायदा काय म्हणतो? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 296 सांगतं, की सार्वजनिक जागी इतरांना त्रास होईल असं अश्लील कृत्य केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाचा आकडा किरकोळ वाटेल. पण पोलीस ठाण्यातली ती दुपार, ऑफिसातली कुजबुज आणि आईचा फोन यांची किंमत कुठल्या कलमात लिहिलेली नसते.

‘गोव्यात सिक्रेट न्यूड पार्टी’ अशी जाहिरात दिसली तर लांबच राहा. 2019 मध्ये उत्तर गोव्यातल्या अशाच एका पार्टीचं पोस्टर देशभर फिरलं. पोलिसांनी तपास केला आणि पोस्टरबहाद्दराला बिहारमधून पकडलं. अशा ठिकाणी पैसे जातातच, पण त्याहून वाईट म्हणजे तुमचे फोटो आणि फोन नंबर भलत्याच्या हाती जातात. थायलंडमध्येही सार्वजनिक किनाऱ्यावर कपडे काढायला मनाई आहे. तिथं जे चालतं ते खासगी आवारात, भिंतीआड.

पहिले दोन तास

समजा, धरमपेठेतलं एक जोडपं पोचलं अशा परदेशी रिसॉर्टमध्ये. तो बँकेत, ती सॉफ्टवेअरमध्ये. रिसेप्शनवर सगळे कपड्यांत. ‘अरे, हे तर नॉर्मल आहे!’ मग बागेतून खोलीकडे जाताना समोरून साठीचं एक जोडपं येतं. पायात चपला, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल. बास. ‘गुड आफ्टरनून’ म्हणून निघूनही जातं. हे दोघं मात्र झाडावरचं फूल अगदी निरखून बघत उभे!

पहिला अर्धा तास नजर कुठं ठेवायची हाच मोठा प्रश्न. सोपं उत्तर : चेहऱ्यावर. दुसरा प्रश्न पोटाचा. तर्री-पोहा आणि संत्रा बर्फीनं कमावलेलं ते पोट! इकडेतिकडे नजर गेली की कळतं, की सिनेमातली शरीरं इथं नाहीतच. ऑपरेशनच्या खुणा आहेत, सुरकुत्या आहेत, बाळंतपणाचे व्रण आहेत. कुणाचं कुणाकडे लक्ष नाही.

याला थोडा शास्त्राचाही आधार आहे. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमधले मानसशास्त्रज्ञ किऑन वेस्ट यांनी 2017 मध्ये 850 ब्रिटिश लोकांचा अभ्यास छापला. नेचरिस्ट उपक्रमांत जास्त भाग घेणाऱ्यांना स्वतःचं शरीर जास्त आवडत होतं आणि ते आयुष्याबद्दलही अधिक समाधानी होते. अर्थात, ही माणसं स्वखुशीनं तिथं गेलेली. बळेच नेलेल्यांचा तो अभ्यास नव्हे, आणि मुद्दा इथंच आहे.

खरी परीक्षा चेक-इनच्या आधी

‘तुला नक्की जायचंय ना?’
‘तू म्हणतोस तर जाऊ.’

हा संवाद तुमच्या घरी झाला असेल तर बुकिंग थांबवा. ‘तू म्हणतोस तर’ हा होकार नाही. ती जोडीदाराची समजूत आहे. आपल्या घरांमधून ‘नाही’ म्हणायची सवय मुलींना फारशी लावली जात नाही, आणि ‘मला लाज वाटते’ म्हणायची सोय मुलांना नसते. त्यामुळे दोघंही दुसऱ्यासाठी जातात आणि दोघंही परतताना गप्प असतात.

एक साधी टेस्ट करा. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर तीन गोष्टी लिहा : मला काय करायला आवडेल, काय बघायला चालेल आणि काय अजिबात नको. मग कागद बदला. ‘नको’च्या यादीवर वाद घालायचा नाही. ‘का नको?’ हेसुद्धा विचारायचं नाही. जोडीदाराला कारण सांगावंसं वाटलं तर तो किंवा ती सांगेलच.

आणि एक खुणेचा शब्द ठरवा. ‘बर्डी’ म्हटलं की दोघांनी खोलीवर परतायचं, तिथल्या तिथं, एक प्रश्न न विचारता. चार दिवस दोघंही पूर्ण कपड्यांत राहिलात तरी काही बिघडत नाही. फक्त खोली घेण्याआधी नियम वाचा, कारण काही रिसॉर्टच्या न्यूड भागात कपडे घालून बसायला परवानगी नसते.

बॅग भरण्याआधी

टॉवेल : स्वतःचा. खुर्चीवर बसण्याआधी तो अंथरायचाच. हा जगभरचा पहिला नियम.

मोबाइल : किनाऱ्यावर आणि पूलवर बहुतेक ठिकाणी कॅमेऱ्याला बंदी. ती तुमच्याच भल्याची. एकमेकांचे ‘आठवण म्हणून’ काढलेले फोटोही टाळा, फोन चोरीला जातात. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 ई नुसार परवानगीशिवाय कुणाच्या खासगी अंगाचा फोटो काढणं किंवा पसरवणं हा गुन्हा आहे; शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

सनस्क्रीन : किमान 30 एसपीएफ, दर दोन तासांनी. नागपूरचं ऊन सोसलंय म्हणून हिरोगिरी नको. ज्या कातडीनं जन्मात ऊन पाहिलं नाही, ती पहिल्याच दुपारी भाजते.

कपडे : हो, न्यायचेच! डायनिंग हॉलमध्ये संध्याकाळी कपडे घालावे लागतात.

बुकिंग : रद्द केलं तर किती पैसे परत मिळतात ते आधी बघा. पैसे अडकलेत म्हणून कुणाला ‘हो’ म्हणावं लागू नये.

आणि घरी काय सांगायचं? ‘बीचला जातोय’ एवढं पुरे. ते खोटं नाही. सासूबाईंनी फोटो मागितलेच, तर डायनिंग हॉलमधला दाखवा. तिथं तुम्ही दोघंही पूर्ण कपड्यांत असाल.