प्रवराकांठच्या उसाची हकीगत

जमीन सुपीक असली, पाऊस वेळेवर पडला आणि माणसें कष्टाळू असलीं म्हणजे देश संपन्न होतो, असें पुष्कळांस वाटतें. आमच्या वर्गांतही हेंच उत्तर ऐकूं येतें. तें अर्धेंच खरें आहे. उरलेलें अर्धें आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्याच इतिहासांत सांपडतें.

सन 1875 मध्यें पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें उठलेला शेतकऱ्यांचा दंगा लवकरच आपल्या जिल्ह्यांत पसरला. दंगेकऱ्यांचा रोख सावकाराच्या तिजोरीपेक्षां त्याच्या दप्तरावर होता. कर्जरोखे हिसकावून जाळावे, एवढाच बहुतेकांचा हेतु. तेव्हां सरकारनें 1879 सालीं कायदा करून रोख्यामागील खरा हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायाधीशांस दिला. गळ्याचा फास सैल झाला खरा. परंतु बैल व बियाणें यांस लागणारा पैसा अशा कायद्यांतून निघत नाहीं. उलट सावकारच हात आंखडता घेऊं लागले. म्हणून 1904 चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. दहा असामींनीं एकत्र यावें व एकमेकांच्या हमीवर कर्ज काढावें, ही रीत त्यानें घालून दिली.

पुढें 1926 सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें. एवढें काम कोणा एका गांवाच्या आवांक्यांतलें नव्हे. तें सरकारनेंच करावयाचें. पण कालव्याला पाणी आलें म्हणून शेतकरी सुखी झाला, असें मात्र घडलें नाहीं. याचें कारण उसाच्या स्वभावांत आहे. ज्वारी पेवांत ठेवून भावाची वाट पाहतां येते. तोडलेला ऊस वाळूं लागतो आणि त्यांतली साखर दिवसागणिक घटते. अशा वेळीं विकणारा घाईंत असतो, घेणारा नसतो; मग भाव कोण ठरविणार, हें चाणाक्ष वाचकांस सांगावयास नको.

या अडचणींतून वाट निघाली ती लोणी येथें. विठ्ठलराव विखे पाटील यांनीं गांवोगांव हिंडून शेतकऱ्यांकडून भाग जमविले. नामांकित अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले. मुंबई सरकारनेंही भाग घेतले व औद्योगिक वित्त महामंडळानें कर्ज दिलें. भाग घेणें म्हणजे देणगी नव्हे. बुडालें तर सरकारचेंही बुडणार होतें, आणि त्यामुळेंच लोकांस धीर आला. 1950-51 च्या सुमारास कारखाना सुरू झाला. ऊस ज्याचा, कारखानाही त्याचाच. आणि भाग कितीही असोत, मत प्रत्येकास एकच. पुढें याच धर्तीवर महाराष्ट्रांत असे अनेक कारखाने निघाले.

तथापि एक गोष्ट आम्हांस खटकते. ज्याच्या शेतास पाणी नाहीं, तो या संस्थेचा सभासद व्हावा कसा? आपल्याच पाथर्डी तालुक्यांतून व शेजारच्या बीड जिल्ह्यांतून दरसाल हजारों कुटुंबें कोयता घेऊन ऊसतोडीस निघतात. साखर त्यांच्या हातून जाते, मत मात्र त्यांस नसतें. आणि हंगाम नेमका शाळेच्याच महिन्यांत येतो. त्यांच्या मुलांकरितां संत भगवानबाबांच्या नांवानें सरकारी वसतिगृहें काढण्याची योजना 2021 सालीं मंजूर झाली. पहिल्या कायद्यापासून येथवर यावयास जवळजवळ दीडशें वर्षें लागलीं.