रकाना भरायला किती वेळ लागतो?

पिरंगुट, उरवडे, कासार आंबोली या पुण्याजवळच्या मुळशी तालुक्याच्या पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्यातून निर्यातीचा माल निघतो, तेव्हा कंटेनरची दारे ओढून कडीत एक जाडसर बोल्ट ठोकला जातो. दिसायला तो साधाच, पण त्याच्या पोटात रेडिओ लहरींनी वाचता येणारी चिप असते. पूर्वी कारखान्यातच कंटेनर भरायचा तर एक्साइजच्या अधिकाऱ्याला बोलवावे लागे, त्याच्या देखत माल भरला जाई आणि सील तो लावी. २०१७ च्या अखेरीस हे काम निर्यातदाराच्या अंगावर आले. सीलचा क्रमांक, कंटेनरचा क्रमांक, ट्रकचा नंबर, शिपिंग बिलाचा क्रमांक आणि तारीख, आयात-निर्यात कोड, सील लावल्याची वेळ, हे सगळे त्याने ट्रक फाटकाबाहेर पडण्याआधी संगणकावर चढवायचे. न्हावा शेवाला पोचल्यावर यंत्र चिप वाचते आणि जुळवून पाहते. अधिकारी गेला आणि त्याच्या जागी रकाने आले. निर्यातदाराच्या दृष्टीने हा सौदा फायद्याचाच होता, कारण अधिकाऱ्याची वाट पाहत गाडी दिवसभर उभी ठेवण्यापेक्षा पाच-सात रकाने भरणे केव्हाही बरे.

पण सील ही झाली सुरुवात. शिपिंग बिल भरतो सीएचए, म्हणजे कस्टम हाउस एजंट. कायद्यात त्याचे नाव २०१३ पासून कस्टम्स ब्रोकर झाले असले, तरी धंद्यात त्याला अजून सीएचएच म्हणतात. त्या बिलात मालाचा आठ आकडी कोड, किंमत, वजन, जीएसटी क्रमांक, बँकेचा एडी कोड आणि फेब्रुवारी २०२० पासून माल मूळचा कोणत्या जिल्ह्यातला, हेही लिहावे लागते. जहाज कंपनी वेगळेच विचारते. भरलेल्या कंटेनरचे खात्री केलेले वजन, बिल ऑफ लेडिंगचा तपशील, माल धोकादायक असेल तर तसे लेखी. हे सगळे गोळा करून जहाजावर काय आहे याची यादी, म्हणजे मॅनिफेस्ट, कंपनीने कस्टम्सला द्यायची असते. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे कलम ३० येणाऱ्या जहाजांसाठी, कलम ४१ जाणाऱ्यांसाठी. येणाऱ्या जहाजाची यादी विनाकारण उशिरा आली तर पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माल समुद्रमार्गे अमेरिकेला निघाला असेल तर आणखी एक सरकार रांगेत उभे असते. तिथल्या आयातदाराने दहा आणि जहाज कंपनीने दोन प्रकारची माहिती अमेरिकी कस्टम्सला द्यायची, असा नियम २००९ पासून लागू आहे. त्या दहांतली बहुतेक माहिती, माल बनवणाऱ्याचे नाव-पत्ता धरून, अमेरिकेकडे जाणाऱ्या जहाजावर माल चढण्याच्या २४ तास आधी पोचलेली हवी. म्हणजे पिरंगुटचा पत्ता मालाच्या कितीतरी आधी अमेरिका गाठतो.

एवढे विचारायचे कशासाठी, हा वैतागाचा प्रश्न पुण्याच्या कोणत्याही औद्योगिक वसाहतीत ऐकू येतो. माझे म्हणणे असे, की विचारण्याला कारण आहे आणि ते भक्कम आहे. सरकार चुकते ते पुढच्या पायरीवर. विचारण्याचा खर्च कोणावर किती पडतो, हे ते मोजतच नाही.

आधी कारण. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईच्या समुद्रात ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलीजिया-३’ ही जहाजे एकमेकांवर आदळली. न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातून नुकतेच बाहेर पडलेले चित्रा कलले, तेल सांडले आणि शेकडो कंटेनर समुद्रात घसरले. त्या जहाजावर बाराशेवर कंटेनर होते. तेलाचा तवंग डोळ्यांना दिसत होता, पण तरंगणाऱ्या पेट्यांत काय आहे हे पाहून कळण्यासारखे नव्हते. ३१ कंटेनरमध्ये कीटकनाशकांसारखी घातक रसायने असल्याचे पुढे आले. मासेमारी थांबली, बाजारात माशांना गिऱ्हाईक मिळेना आणि मुंबई आणि जेएनपीटी या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. अशा वेळी तटरक्षक दलाच्या हाती असते ती फक्त यादी, आणि ती यादी कुठल्यातरी कारखान्यातल्या कारकुनाने भरलेल्या रकान्यांची बनलेली असते. जून २०२५ मध्ये कोलंबोहून न्हावा शेवाला येणाऱ्या ‘वान हाय ५०३’ या जहाजाला केरळच्या किनाऱ्यापासून दूर आग लागली आणि २२ पैकी चार खलाशी बेपत्ता झाले, तेव्हाही आग विझवणाऱ्यांना पहिली गरज आतल्या मालाच्या तपशिलाचीच होती. मुळशीकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. ७ जून २०२१ रोजी उरवड्यात क्लोरिन डायऑक्साइड बनवणाऱ्या कारखान्याला आग लागून पंधराहून अधिक कामगार दगावले, त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. बंद दाराआड काय साठवले आहे, हे बाहेरून धावत येणाऱ्याला माहीत असणे किती मोलाचे असते ते या तालुक्याने पाहिले आहे.

वजनाचा रकानाही असाच अनुभवातून आला. जानेवारी २००७ मध्ये इंग्लिश खाडीत ‘एमएससी नेपोली’ हे जहाज वादळात तडकले. डेकवर कोरडे राहिलेले ६६० कंटेनर नंतर वजन करून पाहिले, तर त्यांतल्या १३७ च्या खऱ्या आणि लिहिलेल्या वजनांत तीन टनांहून जास्त फरक निघाला. जहाजाचा तोल ज्या आकड्यांवर ठरवायचा ते आकडेच अंदाजपंचे होते. १ जुलै २०१६ पासून जगभर भरलेल्या कंटेनरचे वजन खात्रीने करून देणे बंधनकारक झाले, त्याच्या मागच्या अनुभवांत हा एक होता. पिरंगुटचा ट्रक वजनकाट्यावर चढतो तो यासाठी.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: खोटे बोलणारा फॉर्मवरही खोटेच लिहितो, मग साव माणसालाच त्रास का? आक्षेप बिनबुडाचा नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात दोन कंटेनरमधून २,९८८ किलो हेरॉइन पकडले गेले, आणि कागदोपत्री तो माल टाल्कचे दगड असा होता. २३ जानेवारी २०२४ ला न्हावा शेवा बंदरात कराचीला निघालेल्या ‘सीएमए सीजीएम अटिला’ या जहाजावरून २२ टनांहून अधिक वजनाचे सीएनसी यंत्र उतरवून घेण्यात आले. पाठवणारा शांघायचा आणि घेणारा सियालकोटचा, असे कागद सांगत होते. तपासात दोन्ही टोके वेगळीच निघाल्याचे आणि ते यंत्र क्षेपणास्त्रांच्या कामी येऊ शकते असे भारतीय यंत्रणांनी म्हटले. पाकिस्तानने ते साधे व्यापारी लेथ असल्याचा दावा केला. सीएनसी यंत्रे तर पुण्याच्या कारखान्यांत गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे या प्रकरणातली अडचण इथल्या माणसाला चटकन कळते. यंत्र तेच, प्रश्न आहे तो कोणाच्या हाती जाते याचा. दोन्ही वेळा चोर पकडला तो खबरीने, फॉर्मने नाही, हे मान्य. पण खबर मिळाल्यावर हजारो कंटेनरमधून नेमका तोच काढायचा तो मॅनिफेस्टच्या आधारानेच. शिवाय तोंडी बोललेले नाकारता येते, सही करून लिहिलेले खोटे मात्र पुरावा म्हणून उरते. चोराला लिहिते करण्यात एवढा तरी अर्थ आहे.

आता खर्चाकडे येऊ. जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि निर्यातदारांनी आधी भरलेला आयजीएसटी परत मिळण्याची व्यवस्था संगणकावर सोपवली गेली. शिपिंग बिल हेच परताव्याचा अर्ज मानायचे, ते जीएसटीच्या विवरणपत्राशी जुळले आणि जहाज खरोखर गेल्याची यादी, म्हणजे ईजीएम, आली की पैसे थेट बँकेत. कागदावर झकास. प्रत्यक्षात, जीएसटीत इन्व्हॉइसचा नंबर एका तऱ्हेने लिहिला आणि शिपिंग बिलात मधली तिरपी रेघ गाळली, एवढ्यावर बिल अडकू लागले. ‘एसबी ००५’ ही त्रुटी त्या वर्षी निर्यातदारांच्या तोंडपाठ झाली. दुसरी होती ‘एसबी ००६’. माल तळेगाव किंवा दिघीच्या इनलँड डेपोतून निघून न्हावा शेवाला जहाजावर चढला, पण बंदरावरची ईजीएम जुळली नाही, तर परतावा थांबला. इथे निर्यातदाराची चूक शून्य. माहिती द्यायची होती जहाज कंपनीने, आणि भांडवल अडकले ते छोट्या कारखानदाराचे. शेवटी मार्च २०१८ मध्ये आणि पुन्हा मे-जूनमध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाला ‘परतावा पंधरवडा’ घेऊन तुंबलेली प्रकरणे निकाली काढावी लागली. पगार थकवून, व्याजाने पैसे काढून ज्यांनी ते महिने निभावले, त्यांचा खर्च सरकारच्या कुठल्या वहीत लिहिला गेला?

सीएचएचीही तीच गत आहे. २०१८ च्या परवाना नियमांप्रमाणे त्याने ग्राहकाचा कोड, जीएसटी क्रमांक, त्याची ओळख आणि तो दिलेल्या पत्त्यावर खरोखर धंदा करतो का, हे विश्वासार्ह, स्वतंत्र कागदपत्रांवरून पडताळायचे आणि सगळे दप्तर पाच वर्षे जपायचे. हेतू चांगला आहे, कारण न सापडणाऱ्या निर्यातदारांनी परतावे लाटल्याची प्रकरणे घडली आहेत. पण जो जीएसटी क्रमांक सरकारनेच दिला, त्याचा मालक खरा आहे की नाही याचा जाब दलालाला विचारायचा, हा उलटा न्याय वाटतो. सीएचए हा व्यवहाराचा खरेखोटेपणा तोलणारा निरीक्षक नव्हे, अशा आशयाचा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्येच दिला आहे.

सरकारला ओझे हलके करताच येत नाही, असे मात्र नाही. २०१५ मध्ये निर्यातीसाठी आणि आयातीसाठी सक्तीची कागदपत्रे प्रत्येकी तीनवर आणली गेली. एप्रिल २०१६ च्या एक खिडकी योजनेने अन्न, औषध, वनस्पती संगरोध अशा खात्यांचे नऊ वेगवेगळे फॉर्म एका घोषणापत्रात गोळा केले. ही कामे खरोखर चांगली झाली. गोम अशी की कागद कमी झाले तरी कागदातले रकाने वाढत राहिले, आणि रकान्यांची गणती कोणी ठेवत नाही. जहाजांच्या मॅनिफेस्टचे १९७१ आणि १९७६ चे नियम बदलून २०१८ मध्ये नवे आणले. त्यांत तपशील कितीतरी जास्त मागितला गेला, आणि मग अंमलबजावणीची मुदत इतक्या वेळा वाढवावी लागली की धंद्यातल्या माणसांनी तारीख लक्षात ठेवणेच सोडले असेल. हे रकाने भरायला कोणाला किती वेळ लागेल, याचा हिशेब आधी झाला असता तर ही नामुष्की टळती.

मोजण्याची कला सरकारला अवगत नाही असेही नाही. न्हावा शेवाचे कस्टम्स दरवर्षी ‘टाइम रिलीज स्टडी’ करते. जहाज आल्यापासून आयात माल सुटेपर्यंत किती तास लागले, कुठे लागले, याचा तो तपशीलवार हिशेब असतो, आणि त्यामुळे वेळ घटलाही आहे. कंटेनरचे घड्याळ आहे. फॉर्म भरणाऱ्याचे घड्याळ नाही. अमेरिकेने ते १९८० च्या कायद्याने बसवले. तिथल्या केंद्रीय खात्याला जनतेकडून माहिती मागायची तर आधी जाहीर नोटीस काढून सूचना मागवाव्या लागतात, फॉर्म भरायला सरासरी किती वेळ लागतो ते छापावे लागते, वरच्या कार्यालयाचा मंजुरी क्रमांक घ्यावा लागतो आणि ती मंजुरी जास्तीत जास्त तीन वर्षे टिकते. फॉर्मवर वैध क्रमांक नसेल तर तो न भरल्याबद्दल नागरिकाला दंड करता येत नाही. कस्टम्स ब्रोकर आणि जहाजांचे फॉर्मही यातून सुटलेले नाहीत.

तिथे हा उपचार होऊन बसला आहे, खाती मिनिटे कमी दाखवतात, अशी टीका अमेरिकेतच होते, आणि ती बरीचशी खरी आहे. तरी छापलेला चुकीचा आकडा न छापलेल्या आकड्यापेक्षा कामाचा असतो. त्याच्याशी भांडता येते. दुसरा आक्षेप सुरक्षेचा: संकट आले तर नोटीस काढून दोन महिने थांबायचे का? नाही. तातडीच्या मंजुरीची सोय त्या कायद्यात आहे, तशी आपल्यालाही ठेवता येईल. तिसरे म्हणणे असे, की आता सगळे सॉफ्टवेअर करते, वेळ कसला मोजता? पण सॉफ्टवेअरमध्ये आकडे घालणारा माणूसच असतो, आणि तोच जीएसटी क्रमांक, तोच कोड, तेच वजन तो सीलच्या पोर्टलवर, शिपिंग बिलात आणि जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर पुन्हा पुन्हा घालतो. मोठ्या कंपनीत त्यासाठी विभाग असतो. पिरंगुटच्या छोट्या शेडमध्ये तो बहुधा मालकच असतो, नाहीतर सीएचएला पैसे मोजावे लागतात. शिवाय जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण करारावर भारताने एप्रिल २०१६ मध्ये शिक्कामोर्तब केले आहे. आयात-निर्यातीचे सोपस्कार आणि कागदपत्रे वेळोवेळी तपासून कमीत कमी ठेवण्याचे कलम त्यात आहे. म्हणजे ही मागणी नवी नाही, दिलेल्या शब्दाची आठवण आहे.

गोळा केलेली माहिती सांभाळण्याचाही खर्च असतो. निर्यातदारांचे भाव आणि ग्राहक यांचा तपशील खुलेआम विकला जात होता, म्हणून २०२२ मध्ये सीमाशुल्क कायद्यात कलम १३५एए घालावे लागले आणि असा तपशील प्रसिद्ध करणे गुन्हा ठरले. जेवढे जास्त विचाराल तेवढे जास्त राखावे लागेल.

सुरुवात टाइम रिलीज स्टडीपासूनच होऊ शकते. पुढच्या पाहणीत न्हावा शेवाने निर्यातीची काही शिपिंग बिले निवडावीत आणि ती तयार करायला सीएचएला व कारखान्याला किती वेळ लागला, कोणता रकाना आधीच सरकारकडे असलेली माहिती परत मागतो, एवढे नोंदवावे. जिल्ह्याच्या रकान्यावरही हीच कसोटी लावता येईल. त्या एका रकान्यामुळे पुणे जिल्ह्याची निर्यात किती हे आज कळते, पण पिरंगुटचा माल चाकणच्या मालात मिसळतो आणि मुळशी कुठेच दिसत नाही. मग तालुक्याचाही रकाना मागावा असे मुळशीत कोणाला वाटले तर नवल नाही. तो मागू नये. कारखान्याचा पत्ता सीलची परवानगी देताना कस्टम्सने घेतलेलाच आहे, आणि त्यावरून तालुका शोधायचे काम संगणकाचे.